चार मिनिटांची मुदत

बँकेच्या नोकरीत 'मुदत' या शब्दाशी माझा तीस-बत्तीस वर्षे संबंध आला. पीककर्जाची मुदत, बैलजोडीच्या कर्जाची मुदत, ठेवीची मुदत. पाऊस लांबला, धान करपले, घरात आजारपण आले तर मुदत वाढवून देण्याची सोय असे. अर्जावर शिफारस लिहायची, वरच्या कार्यालयाची मंजुरी आली की शेतकरी वर्षभर मोकळा श्वास घेई. 'मोकळा श्वास' हे शब्द आपण किती सहज वापरतो! प्रत्यक्ष श्वासाच्या बाबतीत मात्र शरीर अशी कोणतीही सवलत देत नाही. श्वासाची वाट बंद झाली की मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि साधारण चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. या मुदतीला वाढ नाही, आणि तिथे हमीदारही चालत नाही.

आता ही चार मिनिटे आमच्या झाडीपट्टीच्या नकाशावर ठेवून पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तो मुख्यतः अंतरांमुळेच. तरीही आज भामरागडहून गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत यायचे तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तेवढाही रस्ता उरत नाही. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे, तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण चार मिनिटांत ती कुठे पोचणार? आणि हा प्रश्न केवळ जंगलातला आहे असेही समजू नये. नागपुरातल्या सदरमध्ये किंवा पुण्यातल्या कोथरूडमध्ये जेवणाच्या टेबलावर घास अडकला, तरी रुग्णवाहिका जिना चढून येईपर्यंत ती मुदत टळून गेलेली असते. श्वास अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळा महाराष्ट्रच भामरागड आहे.

म्हणून या बाबतीत डॉक्टर किती मोठा आहे यापेक्षा जवळ कोण आहे आणि त्याला काय येते, यालाच महत्त्व. रुग्णालयातसुद्धा जेवणाच्या वेळी खाटेजवळ डॉक्टर क्वचितच असतो. तिथे असते ती ताट घेऊन आलेली मावशी, नर्सबाईंच्या हाताखाली काम करणारी परिचारिका सहायक, नाही तर घरून डबा घेऊन आलेली सून. या माणसांच्या हाती एवढी मोठी जबाबदारी सोपवता येईल का, अशी शंका सुशिक्षितांच्या मनात हमखास येते. त्या शंकेचे उत्तर याच गडचिरोली जिल्ह्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

पहिला श्वास

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या अखेरीस गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. श्वास हा विषय त्यांच्या कामात सुरुवातीपासूनच आला. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मुलाच्या श्वासाची गती. पण गावातल्या सुईणीला शंभरापर्यंत आकडे येत नसतील तर तिने श्वास मोजावेत कसे? त्यावर या मंडळींनी मण्यांचे एक साधे मोजयंत्र काढले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई त्या मण्यांच्या आधारे न्यूमोनिया ओळखू लागली. उपचार गावातच मिळाल्याने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाल्याचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. जन्मल्याबरोबर न रडणारे, श्वासच न घेणारे बाळ. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत. अंधाऱ्या खोलीत निळसर पडलेले बाळ पाहून बायका हळहळत आणि 'मेलेलेच आले' असे म्हणून त्याला बाजूला ठेवत. त्यांतली काही बाळे खरोखर मेलेली नसत. कोणी श्वास भरून देईल का याची वाट पाहत असत.

'सर्च'ने ३९ गावांत प्रयोग सुरू केला. आधी सुईणींना तोंडाने श्वास देण्याचे शिकवले. १९९५-९६ पासून गावातलीच पाचवी ते दहावी शिकलेली एकेक स्त्री आरोग्यदूत म्हणून निवडली. बाळंतपणात सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. १९९६ ते ९९ या काळात तिच्या हाती नळी आणि मुखवटा होता. १९९९ पासून तिला हाताने दाबायची रबरी पिशवी मिळाली. हिलाच रुग्णालयात 'आम्बू बॅग' म्हणतात. डेन्मार्कमध्ये १९५६ साली निघालेले हे साधन शस्त्रक्रियागृहातून निघाले ते थेट चुलीशेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत आले.

आम्हा बँकवाल्यांना आकडे पाहिल्याशिवाय भरवसा वाटत नाही, म्हणून आकडेच देतो. तीव्र गुदमरलेल्या बाळांपैकी आधी शंभरात ३९ दगावत असत. १९९६ ते २००३ या काळात हे प्रमाण २० वर आले. सौम्य गुदमरण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. तिन्ही साधनांत रबरी पिशवीचा गुण सर्वांत जास्त आला. जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन, बाळाला ऊब देणे, वजन करणे, स्तनपान या सगळ्यांची त्यात जोड होती. त्यामुळे त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता तो १९९७-९८ पर्यंत २५ च्या घरात आला. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या बाईने इंजेक्शन द्यावे, श्वास द्यावा, या कल्पनेनेच अस्वस्थ होणारी मंडळी कमी नव्हती. पण २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम 'आशा' कार्यकर्तीकडे देशभर सोपवले, त्यामागे गडचिरोलीच्या या बायकांनी मिळवलेला पुरावा होता.

ही हकीकत एवढ्या विस्ताराने सांगितली ती एका कारणासाठी. श्वास परत आणण्याचे काम शिक्षणाच्या पदवीवर अवलंबून नाही. नेमके शिकवलेले चार हातखंडे, त्यांचा पुन्हा पुन्हा सराव आणि वेळेवर जवळ असणे, एवढ्यावर ते अवलंबून आहे.

अडकलेला घास

नवजात बाळाचे गुदमरणे आणि मोठ्या माणसाच्या गळ्यात घास अडकणे यांत एक फरक आहे. बाळाची वाट मोकळी असते, श्वास सुरू झालेला नसतो. म्हणून तिथे हवा आत ढकलायची. घास अडकलेल्याची वाटच बंद असते. तिथे आधी बूच उडवायचे.

आमच्या भागात हे बूच नाना प्रकारचे असते. खर्रा तर घराघरात. त्यातला सुपारीचा टणक तुकडा हसता हसता आत ओढला जातो. लहान मुलांच्या बाबतीत शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोराची आठोळी, सीताफळाच्या बिया. दाढा न आलेल्या मुलाला दाणे चावता येत नाहीत, आणि पळता पळता तोंडात टाकलेला दाणा थेट श्वासनलिकेत जातो. मामा तलावातल्या मासळीचा काटा ही मात्र वेगळी गोष्ट. काटा टोचला तरी माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. त्याच्यासाठी कोरड्या भाताचा गोळा गिळायला देण्याची जुनी रीत आहे. तीही न करता डॉक्टरांना दाखवावे हे बरे. पण खरोखर श्वास अडकलेल्याला भाताचा गोळा किंवा पाण्याचा तांब्या देणे म्हणजे बुचावर आणखी बूच मारणे होय.

१९८८ च्या सुमारास मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. एका मृत ठेवीदाराच्या वारसांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. वय पन्नासच्या आत, धडधाकट शेतकरी. मृत्यूचे कारण हृदयविकार. चौकशीच्या ओघात त्यांचा मुलगा म्हणाला, "लग्नाच्या पंगतीत बसले होते जी. एकदम उठले, गळ्याले हात लावला. एक शब्द नाही बोलले. लोकांनी पाणी पाजलं, वारा घातला, अन् गेले." मी वारसाचा फॉर्म भरून घेतला, सह्या झाल्या, रक्कम दिली गेली.

पुढे अनेक वर्षांनी वाचनात आले की अमेरिकेत १९६३ साली रॉजर हौगेन नावाच्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंना 'कॅफे कॉरोनरी' असे नाव दिले होते. उपाहारगृहात जेवता जेवता माणूस कोसळे, सगळे म्हणत हृदयविकार. शवविच्छेदनात घशात मांसाचा तुकडा सापडे. त्या शेतकऱ्याचे नेमके काय झाले हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण छातीत कळ आलेला माणूस बोलतो, कण्हतो, छातीला हात लावतो. जेवताना अचानक मुका झालेला, गळ्याला हात लावणारा माणूस दिसला तर आधी घशाचा संशय घ्यावा, एवढे त्या मुलाच्या तीन वाक्यांतून शिकण्यासारखे आहे.

१९७४ मध्ये हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदाने पोट दाबून बूच उडवण्याची युक्ती मांडली. फुप्फुसात शिल्लक असलेल्या हवेचाच उपयोग करायचा, पिचकारीसारखा. २०१६ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते राहत होते त्या वृद्धनिवासात शेजारी बसलेल्या ८७ वर्षांच्या बाईंच्या घशात मांसाचा तुकडा अडकला आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तो काढला. पाठीवर थापा मारणे योग्य की अयोग्य याबद्दल मधली कित्येक वर्षे मतभेद होते. आता ते बरेचसे मिटले आहेत. युरोपातली पद्धत आधीपासूनच पाच थापा, मग पाच दाब अशी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही तीच स्वीकारली.

नेमके काय करावे?

हा भाग कात्रण काढून स्वयंपाकघरात लावण्यासारखा आहे, म्हणून सरळ सांगतो.

पहिली गोष्ट ओळखण्याची. ठसका लागलेला माणूस जोरात खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला हे निसर्गाचे सर्वांत चांगले औषध आहे. डोक्यावर थापटू नये, 'वर बघ' म्हणून मान मागे करायला लावू नये, पाणी देऊ नये. फक्त सोडून जाऊ नये. "घशात अडकलं का?" असे विचारावे. तो मानेनेच हो म्हणाला, आवाज निघत नसेल, खोकला क्षीण झाला असेल, ओठ काळेनिळे पडू लागले असतील, तर मुदत सुरू झाली असे समजावे.

लगेच मदतीसाठी हाक मारावी. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगावे, पण आपण थांबू नये. रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे उभे राहून एका हाताने छातीला आधार द्यावा आणि त्याला कमरेत पुढे वाकवावे. वाकवणे महत्त्वाचे, ताठ उभ्या माणसाच्या पाठीवर मारले तर सुटलेला तुकडा आणखी खाली जायचा. मग दोन खवाट्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार थापा. प्रत्येक थापेनंतर तुकडा निघाला का ते पाहावे.

नाही निघाला तर रुग्णाच्या मागे उभे राहावे. बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली एक मूठ ठेवावी, दुसऱ्या हाताने ती पकडावी आणि आत व वर असा झटका द्यावा. पाच वेळा. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. तुकडा निघेपर्यंत किंवा रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत. गरोदर स्त्रीच्या किंवा फार स्थूल माणसाच्या पोटावर दाब देऊ नये. त्याऐवजी छातीच्या हाडाच्या मध्यावर द्यावा.

रुग्ण बेशुद्ध पडला तर त्याला जमिनीवर उताणे झोपवावे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात व भरभर दाब द्यायला सुरुवात करावी. तीस दाब झाले की तोंडात पाहावे. तुकडा दिसला तरच बोटाने काढावा. दिसत नसताना घशात बोट घालून चाचपडू नये. तुकडा खोल जातो. शिकलेले असेल त्याने दोन श्वास द्यावेत आणि पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे.

वर्षाच्या आतल्या बाळाची रीत निराळी. त्याला हातावर पालथे घ्यावे, डोके धडापेक्षा खाली, जबड्याला आपल्या बोटांचा आधार. पाठीवर पाच थापा. मग उताणे वळवून छातीच्या मध्यावर पाच दाब. बाळाच्या पोटावर कधीही दाब देऊ नये, आत इजा होते. पाय धरून उलटे टांगणे, हलवणे हेही टाळावे.

तुकडा निघाला, माणूस बोलू लागला, तरी पोट दाबलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांकडे न्यावे. आतड्याला किंवा बरगडीला इजा झालेली असू शकते, आणि दाण्याचा एखादा कण फुप्फुसात राहून पुढे खोकला-तापाने त्रास देऊ शकतो.

वॉर्डातल्या मावशी

एवढे सगळे करण्याची वेळच येऊ नये, हे खरे कौशल्य. ते मी माझ्या आईच्या आजारपणात पाहिले. अर्धांगवायूनंतर ती एका रुग्णालयात होती. दुपारी भात आला, आई पेंगत होती. आमच्या एका नातेवाइकांनी झोपल्या झोपल्याच तिच्या तोंडात घास द्यायला चमचा उचलला. तिथल्या आयाबाई, पन्नाशीच्या, सिंदेवाहीकडच्या, मधे पडल्या. "आधी पुरी जागी होऊ द्या जी. उठवून बसवतो, मग मी भरवतो." नातेवाईक रागावले, भात थंड होईल, तुम्हाला काय कळते, असेही बोलून गेले. बाई हलल्या नाहीत. खाट उभी केली, पाठीशी उशा लावल्या, आईची हनुवटी किंचित खाली केली, चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच मऊ घास दिला, गिळल्याची खात्री करून गाल तपासला आणि मगच दुसरा घास. जेवण झाल्यावर अर्धा तास तिला आडवे होऊ दिले नाही.

पुढे एका डॉक्टर स्नेह्याने सांगितले की पुस्तकातही अगदी हेच लिहिलेले असते. अर्धांगवायूच्या रुग्णाला गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, पेंगणाऱ्याला कधीच नाही, कवळी नीट बसली आहे का ते पाहावे, घास तोंडात असताना त्याला बोलायला लावू नये. बाईंनी ते एका सिस्टरकडून शिकून घेतले होते. त्यांच्या हुद्द्यात मात्र ते कुठेही लिहिलेले नव्हते. कागदोपत्री त्या झाडलोट करणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या.

इथेच मला खरी खोच दिसते. ज्यांच्या हातून रुग्णाला घास जातो, त्यांनाच घास अडकल्यावर काय करायचे हे शिकवायला आपण विसरतो. वॉर्डात असा प्रसंग आला तर सहायकाने काय करावे हे ठरलेले हवे. ताट बाजूला, मोठ्याने हाक, घंटा दाबणे, रुग्णाला सोडून सिस्टरला शोधत धावायचे नाही. बसते करून पुढे वाकवायचे, बसवता येत नसेल तर कुशीवर वळवायचे आणि थापा सुरू करायच्या. सक्शन मशीन आणि प्राणवायू आणण्याचे काम धावत आलेल्या दुसऱ्या माणसाचे. नंतर काय अडकले होते, किती वेळ लागला, हे सिस्टरला सांगून नोंद करायची, म्हणजे पुढच्या पाळीतल्या बाईला त्या रुग्णाला पातळ द्यायचे की मऊ हे कळेल. 'माझे काम नाही' आणि 'मला परवानगी नाही' या दोन वाक्यांना या चार मिनिटांत जागा नसावी, आणि ती तशी नाही हे वरिष्ठांनी आधीच, स्वच्छ शब्दांत सांगून ठेवावे.

खर्च म्हणाल तर जवळजवळ शून्य. एक सरावाचा पुतळा, एक शिकवणारी परिचारिका आणि सहा महिन्यांतून एक तास. गडचिरोलीत रबरी पिशवीचा खर्च वाचलेल्या प्रत्येक बाळामागे १३ डॉलर आला होता. इथे तर पिशवीही लागत नाही, दोन हात पुरतात. रुग्णालयांबरोबरच आश्रमशाळांत, जिथे दोन-अडीचशे मुले एका वेळी जेवायला बसतात, तिथल्या कामाठी आणि स्वयंपाकी मंडळींना हे आले पाहिजे. अंगणवाडीच्या सेविकेला आणि मदतनिसाला आले पाहिजे. वृद्धाश्रमांत आणि महाप्रसादाच्या पंगतीत वाढणाऱ्यांना आले पाहिजे.

आणि घरी? आज रविवार आहे, घरातली माणसे एकत्र जेवायला बसतील. जेवणे झाल्यावर पाच मिनिटे काढा. थापा कुठे मारायच्या, मूठ कुठे ठेवायची, बाळाला हातावर कसे घ्यायचे हे एकमेकांना दाखवा; सराव करताना जोर मात्र लावू नका, नुसती जागा दाखवा. आजीला दाखवा, दहावीतल्या नातवाला दाखवा, घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनाही दाखवा. आपल्या घशात घास अडकेल तेव्हा यांपैकी नेमके कोण जवळ असेल, हे आपल्याला निवडता येणार नाही.